जुन्या फ्रीजची किण्वनपेटी: ग्वाल्हेरच्या मे आणि जानेवारीसाठी

लष्करकर

मंडळी, ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये बाहेर ४४-४५ आणि बंद खोलीत ३८. जानेवारीच्या पहाटे त्याच खोलीत १० ते १२. उन्हाळ्यात इडलीचं पीठ चार तासांत भांड्याबाहेर येतं, थंडीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढिम्म हलत नाही. काळ्या गाजराची कांजी (आंबवलेलं पेय) नेमकी थंडीतच करायची असते आणि तेव्हाच ऊन कमी. म्हणून बारा महिने चालेल अशी पेटी बांधायची आहे: आत जे तापमान मागू ते मिळालं पाहिजे, गरमही आणि गारही.

हाताशी आहे ते असं. कबाड्याकडचा १९० लिटरचा एकदारी फ्रीज, आपोआप बर्फ न वितळवणारा साधा प्रकार, गॅस शाबूत, दाराचं रबर बरं. सेन्सरचं तापमान बघून फ्रीज आणि हीटर चालू-बंद करणारा एसटीसी-१००० कंट्रोलर घ्यायचा विचार आहे. आत कांजी, कोंबुचा (आंबवलेला गोड चहा), आल्याचं फसफसणारं पेय, इडलीचं पीठ आणि चक्क्याचं दही ठेवायचं.

प्रश्न चार. सेन्सर कुठे लावायचा? गरम कशाने करायचं? फ्रीजला भोक पाडायचं की नाही? आणि लाइट गेली तर काय? या पेट्यांचं बहुतेक ज्ञान बिअरवाल्यांकडे आहे, म्हणून घरी बिअर करणाऱ्या सिएटलस्थ यांना खास हाक मारतो.

नियमावली (संपादक)

हाक मारलीच आहे तर आधीच लिहून ठेवते. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम १९१५ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. आदिवासींना असलेली मर्यादित सूट सोडली तर "घरच्यापुरतं" ही सबब चालत नाही. वडोदऱ्याच्या वाचकांकडे तर दारूबंदीच आहे. बिअरबद्दल जिथे ती घरी करणं कायदेशीर आहे तिथल्यांनी लिहावं. पेटी बांधायला कुणाचीच ना नाही.

सिएटलस्थ

इथे अडचण नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय परवानगी मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. विकायची मात्र नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. सेन्सर हवेत लटकवू नका, भांड्याला चिकटवा. यीस्टला फ्रीजमधल्या हवेशी काही घेणंदेणं नाही, ते द्रवात राहतं. आणि किण्वन चालू असताना द्रव स्वतःच तापत असतो.

किती तापतो ते आकड्यांत बघा. २० लिटर वर्ट (ज्याची बिअर होते ते माल्टचं गोड पाणी), सुरुवातीची घनता १.०५०, म्हणजे त्यात साधारण २.६ किलो विरघळलेला अर्क. त्यातला १.७ किलोच्या आसपास यीस्ट खातं. किलोमागे सुमारे ५८५ किलोज्यूल उष्णता सुटते, म्हणजे एकूण १००० किलोज्यूल. २० लिटर वर्ट एक अंशाने तापवायला ८५ ते ९० किलोज्यूल लागतात. भांडं पूर्ण बंदिस्त असतं आणि उष्णता कुठेच गेली नसती, तर वर्ट ११-१२ अंशांनी चढला असता. प्रत्यक्षात ही उष्णता तीन-चार दिवसांत सुटते, सरासरी चार वॅट, ऐन भरात आठ-दहा. आपल्याकडच्या झिरो बल्बपेक्षाही कमी! पण तेवढ्यानेही हवेपेक्षा द्रव ३ ते ५ अंश वर राहतो. हवा १८ वर धरून बसलात तर आत २२-२३ आहे, आणि तुम्हाला पत्ता नाही.

चिकटवायची रीत: भांड्याच्या बाजूला, द्रवाच्या पातळीच्या मध्यावर, तळाशी नाही. सेन्सरची धातूची टोपी आडवी टेकवून वर हाताच्या पंजाएवढा फोमचा तुकडा, दोन सेंटिमीटर तरी जाड. मग पट्ट्याने किंवा टेपने घट्ट आवळा. फोम नसेल तर बुडबुड्यांच्या प्लास्टिकच्या चार-पाच घड्या. फोम विसरलात तर सेन्सर अर्धा हवेचं आणि अर्धा भांड्याचं असं काहीतरी मधलंच वाचतो. द्रवात बुडणारी स्टीलची बंद नळी असेल तर आणखी चांगलं, पण पंधरा-वीस लिटरला बाहेरून चिकटवलेला सेन्सर पुरतो, फरक अर्ध्या अंशाच्या आत राहतो.

मुरारचा मिस्त्री

भोकाचं मी सांगतो. शक्यतो पाडूच नका.

एकदारी फ्रीजमध्ये गरम नळ्या दोन ठिकाणी असतात. जुन्या मॉडेलला पाठीवर काळी जाळी दिसते, तिथे बाजूच्या भिंती बहुधा रिकाम्या. पाठ सपाट आणि गुळगुळीत असेल तर नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतून चिकटवलेल्या आहेत, ड्रिल लागलं की गॅस गेला आणि फ्रीज परत कबाड्याकडे. वर, फ्रीज अलीकडचा असेल तर त्यात बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. तो जळतो. मागच्या किंवा कंप्रेसरवरच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं, ते वाचल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नका.

तार आत न्यायला तयार वाट आहेच: मागच्या भिंतीत खाली, बर्फाचं पाणी कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये नेणारं भोक. सेन्सरची तार त्यातून आरामात जाते. पंख्याची बारीक जोडतारही जाते. पाणी वाहायला जागा ठेवा, पुट्टी भरून बंद करू नका. हीटरची तार तिथून नेऊ नका, ती ओली राहील. ती दाराच्या रबराखालून काढा, बिजागरीच्या बाजूने, चपटी दोन-तारी. रबर तिथे थोडं उचललं जाईल, दोन्ही बाजूंना फोमची पट्टी लावली की गळती नगण्य.

पाडायचंच असेल तर दारातून पाडा, दारात नळ्या नसतात. बाजूच्या भिंतीची खात्री करायची तर कंप्रेसर अर्धा तास चालू ठेवून हात फिरवा, नळीच्या रेषा गरम लागतात. हाताला कळलं नाही तर कॉर्नफ्लोअर स्पिरिटमध्ये पातळ कालवून पत्र्यावर पुसा. नळीवरचा पट्टा आधी सुकून पांढरा पडतो. खिडक्या उघड्या, जवळ काडी-मेणबत्ती नको.

आता वायरिंग. एसटीसी-१००० च्या मागे आठ स्क्रू. १ आणि २ ला कंट्रोलरची स्वतःची वीज. ३ आणि ४ ला सेन्सर, त्याला उलटसुलट नसतं. ५ आणि ६ गरम करायचा रिले, ७ आणि ८ गार करायचा. इथे नव्वद टक्के लोक अडकतात: हे रिले नुसते स्विच आहेत, त्यांच्यातून आपोआप वीज येत नाही. १ वरचा फेज एका तुकड्याने ५ ला आणि दुसऱ्या तुकड्याने ७ ला द्यायचा. मग ६ मधून निघालेला फेज हीटरच्या सॉकेटला, ८ मधला फ्रीजच्या सॉकेटला. दोन्ही सॉकेटचे न्यूट्रल एकत्र करून २ ला, अर्थिंग दोन्हीकडे सरळ. फ्रीजसाठी १.५ चौरस मिलिमीटर तार, टोकांना थिंबल (धातूची छोटी टोपी) दाबून. मोकळे तारेचे केस स्क्रूबाहेर राहिले की शेजारच्या स्क्रूला शिवतात. काही नकली पीसवर क्रमांक वेगळे छापलेले असतात, पाठीवरचा नकाशा बघूनच जोडा.

डब्याला चौकोनी खाच ७१ बाय २९ मिलिमीटर. डबा प्लास्टिकचा आणि फ्रीजच्या बाहेर. रिलेची ठिणगी आणि आर-६००ए एकाच बंद खोक्यात नकोत. लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आत पाणी आणि वीज शेजारी नांदणार आहेत. हा कंट्रोलर १२, २४, ११० आणि २२० व्होल्ट अशा चार जातींत येतो, आपल्याला २२० चा. सिएटलहून कुणी आणून देत असेल तर ११० चा येईल, नम्रपणे नको म्हणा.

थर्माकोल

एवढा पसारा कशाला? थर्माकोलची पेटी करा, रोज दोन बाटल्या बर्फ टाका. वीज नाही, भोक नाही, गॅस नाही.

मुरारचा मिस्त्री

@थर्माकोल, मांडू की हिशेब. ६० बाय ६० बाय ९० सेंटिमीटरची पेटी, सहा बाजू मिळून सुमारे २.९ चौरस मीटर. ५० मिलिमीटर जाडीचा चांगला थर्माकोल धरला तर खोली ४२ आणि आत १८ असताना ४८-५० वॅट आत शिरतात. दिवसाला ४२०० किलोज्यूलच्या आसपास. दोन लिटरच्या बाटलीत १.८ किलो बर्फ, फ्रीजरमधून काढल्यापासून १८ अंशांचं पाणी होईपर्यंत तो ८०० किलोज्यूल ओढतो. म्हणजे दिवसाला पाच-सहा बाटल्या, किण्वन भरात असेल तर त्याहून एखादी जास्त. २५ मिलिमीटरचा थर्माकोल घेतलात तर दुप्पट. आणि एवढा बर्फ बनवायला फ्रीज लागतोच की!

थर्माकोल

बरं, हरलो. मग पेल्टिअर, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती? बारा व्होल्टवर चालतं, हलतं काही नाही.

मुरारचा मिस्त्री

पेल्टिअरची एक चकती ६० वॅट खाते आणि दोन्ही बाजूंत वीस-पंचवीस अंशांचा फरक पडला की जेमतेम वीस-पंचवीस वॅट ओढते. वर गरम बाजूचे ८०-८५ वॅट ३८ च्या खोलीत टाकायचे. पुण्याच्या डिसेंबरात खेळणं म्हणून ठीक.

मेमध्ये आपल्याकडे फुकटात काही चालत असेल तर ओलं पोतं. हवा ४४ आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या कापडाची सैद्धांतिक तळपातळी २३ च्या आसपास येते. टबात भांडं, वर पाण्यात टोक बुडवलेलं सुती कापड आणि समोर पंखा, २५-२६ मिळू शकतात. कोंबुच्याला पुरे. पावसाळ्यात ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तीच तळपातळी २९ वर जाते, तेव्हा पोतं नुसतं कुबट वास मारतं.

दह्याची कवडी

इंदूरहून. बिअर सोडून बाकीच्यांचं मी लिहिते.

इडलीचं पीठ २८ ते ३२ अंश, आठ ते बारा तास. कोंबुचा २४ ते २९, सात ते दहा दिवस. २० च्या खाली आंबटपणा यायला इतका वेळ लागतो की वर बुरशी धरायची संधी मिळते. आल्याचं विरजण २२ ते २६. कांजीला २२-२५ ठेवून चार-पाच दिवस. ऊन नसलं तरी चालतं, तिला उष्णता हवी असते. घरच्या विरजणाचं दही ३० लाही लागतं, पण चक्क्यासाठी घट्ट, पाणी न सोडणारं दही हवं असेल आणि विरजण बल्गेरिकस-थर्मोफिलस या जिवाणूंचं असेल तर ४२-४३. ४५ च्या वर गेलं की दही आंबट होतं आणि पाणी सुटतं.

इथे एक भांडण आहे. एकाच पेटीत ४२ चं दही आणि २४ चा कोंबुचा एकत्र राहू शकत नाहीत. वेळापत्रक करा, दही रात्रीच्या सहा तासांचं काम आहे. आणि एका पेटीत कोंबुचा व ताक-दही उघड्या भांड्यांत शेजारी ठेवू नका. कोंबुच्याचं यीस्ट हवेतून कुठेही जाऊन बसतं, मग दह्याला फुगे येतात.

टेंपे (बुरशीने आंबवलेली सोयाबीनची वडी) करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पहिले बारा-पंधरा तास त्याला ३०-३१ ची ऊब द्यावी लागते, नंतर बुरशी स्वतः इतकी तापते की गार करावं लागतं. हवेतला सेन्सर इथेही दगा देतो, तो थेट टेंपेच्या पाकिटाखाली सरकवा.

कोंबुचा आणि आल्याच्या पेयात थोडं अल्कोहोल होतंच. पेटीत जास्त दिवस आणि जास्त साखर ठेवली की अर्ध्या टक्क्याच्या वर जातं. लहान मुलांना देणार असाल तर साखर कमी, दिवस कमी. आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या २५ अंशांवर विसरू नका, त्या फुटतात. शेजारी एक प्लास्टिकची बाटली भरून ठेवा, ती दाबून कडक लागली की सगळ्या फ्रीजमध्ये हलवा.

लष्करकर

कवडीताई, ही यादी चिकटवून ठेवतो. मिस्त्रीजी, गरम करायला किती वॅट लागतील? ४२ चं ऐकून धसका घेतला.

मुरारचा मिस्त्री

फ्रीजची भिंत थर्माकोलपेक्षा चांगली असते. १९० लिटरच्या डब्यातून अंदाजे दीड ते पावणेदोन वॅट दर अंशाच्या फरकाला गळतात, रबर धड असेल तर. खोली १२ आणि आत १८ हवेत, फरक ६, म्हणजे दहा वॅट. २५ वॅट सोडाच, १५ पुरेल. इडलीला ३० हवेत, फरक १८, तीस वॅट, म्हणून ४० चा हीटर. दह्याला ४२, फरक ३०, पन्नास वॅट सहज जातात, तिथे ६० लागतो. एकाच हीटरवर सगळं करायचा मोह टाळा. ६० वॅट लावून १८ राखायला गेलात तर तो काम संपवून पुढे पळतो, मग कंप्रेसर त्याला मागे ओढतो.

वस्तू: मंद ऊब देणारा सिलिकॉनचा पट्टा किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा सिरॅमिक हीटर. तारेचा बल्ब चालतो, पण पत्र्याच्या डब्यात घालून, डब्याला खाली-वर सहा-सात भोकं पाडून, चिनीमातीच्या होल्डरमध्ये, प्लास्टिकच्या भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर लांब. होल्डर सैल नको, सैल होल्डर ठिणग्या टाकतो. कुठलंही काही लावा, त्याच्या फेजमध्ये ७७ अंशांचा थर्मल फ्यूज मालिकेत टाका आणि तो हीटरजवळ ठेवा. रिले चिकटला तर फ्रीजच्या आतलं प्लास्टिक वितळण्याआधी हा फ्यूज जातो. काही रुपयांची वस्तू आहे, त्यात काटकसर नको.

सिएटलस्थ

बल्ब डब्यात घाला हे बिअरसाठी आणखी एका कारणाने. हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) कडू द्रव्यावर उजेड पडला की त्यातून गंधकाचं एक संयुग निघतं, वास अगदी स्कंक नावाच्या प्राण्यासारखा. पारदर्शक भांड्यात ते तासाभरातही जाणवू शकतं.

आणि पंखा हवाच. एकदारी फ्रीजमध्ये गार पट्टी वर आणि हीटर खाली, पंखा नसेल तर डोक्याशी आणि पायाशी पाच-सहा अंशांचा फरक राहतो. १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा संगणकाचा पंखा, अ‍ॅडॉप्टर बाहेर. कायम चालू. भांड्यावर नाही, भिंतीवर वारा जाईल असा.

लष्करकर

पंखा लावून, २० लिटर पाणी ठेवून, सेन्सर चिकटवून जोडणी झाली. सेटिंग १८, फरक ०.३. कंप्रेसर चालतो, थांबतो, दहा मिनिटांनी हीटर लागतो, तो थांबतो, परत कंप्रेसर. रात्रभर कबड्डी.

सिएटलस्थ

०.३ हा आकडा मोहक आहे आणि चुकीचा आहे. एसटीसीचं गणित असं: सेट १८ आणि फरक ०.३, तर १८.३ ला गार चालू, १८.० ला बंद. १७.७ ला गरम चालू, १८.० ला बंद. कंप्रेसर बंद झाला तेव्हा बर्फाची पट्टी अजून उणे अंशांत आहे, हवा ५-६ वर आहे. ती थंडी पुढचा अर्धा तास भांड्यात शिरतच राहते. भांडं १७.७ च्या खाली जातं, हीटर लागतो, आणि तुम्ही एकाच वेळी दोघांचं बिल भरता.

फरक १.० करा. २० लिटरला एक अंशाचा झोका यीस्टच्या गावीही नसतो. तरी हीटर लागत असेल तर मेमध्ये त्याचा प्लगच काढा, ३८ च्या खोलीत हीटरचं काम काय? जानेवारीत उलट, कंप्रेसरचा प्लग काढा. दोन्ही एकदम लागतात ते फक्त मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

मुरारचा मिस्त्री

चार सेटिंगं एकत्र: एफ१ हवं ते तापमान. एफ२ फरक, १.०. एफ३ कंप्रेसर थांबल्यावर परत लावायच्या आधीची मिनिटं, किमान ५, मेमध्ये ८. एफ४ सेन्सरची दुरुस्ती. बटण तीन सेकंद दाबून धरलं की आत शिरता येतं, बदलल्यावर पॉवरचं बटण दाबून जतन करा. नाहीतर दहा सेकंदांनी सगळं पूर्ववत.

एफ३ ला कमी लेखू नका. कंप्रेसर थांबला की एका बाजूला गॅसचा दाब चढलेला असतो, तो बारीक नळीतून ओसरायला तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधी परत लावला तर मोटर अडते, गुरगुरते आणि ओव्हरलोड (मोटर वाचवणारा स्विच) टक्कन उडतो. रोज वीस वेळा असं झालं तर मोटर जाते. लाइट जाऊन दोन सेकंदांत परत येते तेव्हाही एसटीसी ही मिनिटं मोजूनच कंप्रेसर लावतो. साध्या स्वस्त कंट्रोलरांत, उदाहरणार्थ डब्ल्यू-१२०९ मध्ये, रिले एकच असतो, त्याने गार आणि गरम दोन्ही जमत नाही. कंप्रेसरवर तर तो लावूच नका.

सेन्सर तपासायची रीत: बर्फाचा चुरा पेल्यात काठोकाठ, मधल्या फटी भरतील एवढंच पाणी, ढवळून पाच मिनिटं. सेन्सर मध्यभागी, काचेला न टेकता. शून्य दिसलं पाहिजे. ०.८ दिसत असेल तर एफ४ ला उणे ०.८. सेन्सरच्या टोपीत पाणी शिरलं की वाचन हळूहळू सरकतं, म्हणून टोपी आणि तारेच्या सांध्यावर सिलिकॉन लावून उष्णतेने आकसणारी नळी चढवा. तार तुटली तर पडद्यावर ईई येतं, भोंगा वाजतो आणि दोन्ही रिले बंद होतात.

थर्माकोल

फ्रीजचा स्वतःचा गोल थर्मोस्टॅट काढून टाकायचा का? एकाने सांगितलं, तो असेपर्यंत कंट्रोलरचं काही चालत नाही.

सिएटलस्थ

इथे बहुतेक लोक तो सर्वांत थंड खुणेवर फिरवून ठेवतात, म्हणजे तो मध्ये बोलत नाही.

मुरारचा मिस्त्री

मी असहमत. मधल्या खुणेवर ठेवा. एसटीसीचा रिले दहा अँपिअरचा असला तरी कंप्रेसर सुरू होताना काही क्षण चालू प्रवाहाच्या पाच-सात पट ओढतो, आणि स्वस्त रिलेचे संपर्क एक दिवस चिकटतात. तेव्हा कंट्रोलर "बंद" दाखवेल आणि कंप्रेसर चालतच राहील. फ्रीजचा थर्मोस्टॅट मालिकेत असेल तर तो किमान साध्या फ्रीजसारखा तरी थांबवेल. पाच टक्क्यांची बिअर उणे अडीच अंशांच्या आसपास गोठते, काचेचं भांडं त्यात फुटतं. मधल्या खुणेचा तोटा एकच, मेमध्ये ३८ वरून १८ ला यायला जास्त तास लागतात. त्या पहिल्या दिवसापुरता पुढे फिरवा.

सिएटलस्थ

मान्य. वेल्ड झालेल्या रिलेचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता.

मग बिअरचं वेळापत्रक लिहितो, ज्यांना कायद्याने करता येतं त्यांच्यासाठी. पहिले ७२ तास सगळ्यांत महत्त्वाचे, चव तिथे ठरते. साधी एल (कोमट तापमानाला आंबणारी बिअर) असेल तर वर्ट १७ पर्यंत गार करूनच यीस्ट टाका, १८ वर तीन दिवस, मग २० वर सोडून द्या म्हणजे उरलेली साखर संपेल. २४ च्या वर केळ्याचा वास आणि डोकं धरणारी जड अल्कोहोलं वाढतात. "आधी टाकू, पेटी करेल गार" हा घोटाळा आहे: २० लिटर २८ वरून १८ ला यायला फ्रीजला सात-आठ तास लागू शकतात आणि यीस्ट तोवर गरमीतच पसरतं.

लागर (थंडीत आंबणारी बिअर): डब्ल्यू-३४/७० या यीस्टची ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं २० लिटरला, १२ अंशांवर. सहा-सात दिवसांनी घनता १.०२० च्या आसपास आली की १६-१७ वर तीन दिवस, लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. मग दिवसाला दोन अंश उतरवत २ पर्यंत. उतरवताना एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतलं) पाणी आत ओढलं जातं. वरची हवा आकसते आणि कर्बवायू द्रवात जास्त विरघळतो. त्यामुळे एअरलॉक काढून तोंडाला स्वच्छ पिशवी फुगवून बांधा.

आणि नॉर्वेचं क्वाइक यीस्ट ३५-४० वर सुरळीत चालतं, मेच्या ग्वाल्हेरला साजेसं. दैवाची थट्टा बघा, ते जिथे चालेल तिथे कायदा चालू देत नाही.

दह्याची कवडी

लाइट गेल्यावर काय, हा चौथा प्रश्न तसाच राहिला.

मुरारचा मिस्त्री

बरोबर. खोली ३८, आत १८, वीस लिटर द्रव: दार बंद असेल तर पाऊण तासाला एक अंश चढतो. चार तास गेले तर पाच अंश, त्यात किण्वन भरात असेल तर आणखी. उपाय वजन. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा, आणखी वीस लिटर ठेवलंत तर एक अंशाला दीड तास. वजन वाढलं की कंप्रेसरच्या फेऱ्याही कमी होतात. दार उघडून बघत बसू नका.

घरच्या इन्व्हर्टरवर फ्रीज लावू नका. चौकोनी लहरीवर कंप्रेसर तापतो. पंखा आणि कंट्रोलर चालेल. आणि दुपारी व्होल्टेज खाली बसतं त्या वस्तीत स्टॅबिलायझर हवा. फ्रीजच्या मागे हवामानवर्ग लिहिलेला असतो, टी असेल तर तो ४३ पर्यंतच्या खोलीसाठी आहे, एसटी ३८ पर्यंतच. एसटीवाला गच्चीवरच्या खोलीत ठेवून त्याला दोष देऊ नका. पाठीमागे एक वीत जागा सोडा.

दह्यानंतर लगेच १८ वर नेऊ नका. डबा ४२ वर असताना कंप्रेसर लावला तर सुरुवातीलाच भार जास्त पडतो, ओव्हरलोड उडतो. दार अर्धा तास उघडं ठेवून खोलीच्या तापमानाला आणा, मग लावा.

दह्याची कवडी

आणि बुरशी. फ्रीज १८-२५ वर चालवला की आतली हवा दमट राहते, दोन आठवड्यांत रबराच्या घड्यांत काळे ठिपके. आठवड्याला पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, घड्या कापसाच्या बोळ्याने. दमटपणा ओढायला कॅल्शियम क्लोराइडचा डबा चालतो, पण त्याचं पाणी सांडलं की पत्रा गंजतो, म्हणून खोल बशीत. दोन खेपांच्या मध्ये दार उघडं ठेवून पंखा चालू.

सिएटलस्थ

दार उघडताना एक काळजी. २० लिटर बिअर सुमारे ८०० ग्रॅम कर्बवायू सोडते, चारशे लिटरहून जास्त. बराचसा रबरातून झिरपतो, पण खाली साचलेलाही असतो. डोकं आत घालून वास घेऊ नका आणि खोलीला खिडकी हवी.

लष्करकर

फरक १.०, एफ३ ८, हीटर काढलेला, थर्मोस्टॅट मधल्या खुणेवर, खाली बारा बाटल्या पाणी. आता तासाला एकदाच कंप्रेसर लागतो, पडदा १७.६ ते १९.१. कांजीसाठी काळी गाजरं नोव्हेंबरशिवाय मिळत नाहीत, तोवर कोंबुचा. पहिली खेप टाकण्याआधी पाण्यावर किती वेळ चालवू?

मुरारचा मिस्त्री

४८ तास. त्यात एकदा भर दुपारी मुद्दाम मेन बंद करून अर्ध्या तासाने लावा आणि भांड्यात वेगळा थर्मामीटर बुडवून पडद्याशी ताडून बघा. एका तासात चारपेक्षा जास्त वेळा कंप्रेसर लागला तर आधी सेन्सरवरचा फोम तपासा, तो सुटलेला असतो.